रेइनोच्या बेरजा

मी बोलतोय. कांगसांच्या घरातलं, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसणारं बेरजेचं यंत्र. अंगाने जड, रंगाने मळकट हिरवा आणि स्वभावाने म्हणाल तर भित्रा. एखादा आकडा चुकेल की काय, या धास्तीतच माझा जन्म गेला. केलेली प्रत्येक बेरीज माझ्या तोंडातून कागदाच्या पट्टीवर छापून बाहेर पडते, त्यामुळे चूक झाली तर झाकायची सोय नाही.

मला बनवलं कुणी ते आठवत नाही. मला आठवते ती सरोवराकाठची कागदाची गिरणी. तिच्या कचेरीत संगणक आले आणि आम्हा यंत्रांचा ढीग दाराशी लागला. तिथेच काम करणाऱ्या रेइनो कांगसने मला उचललं, कोटात गुंडाळलं आणि बर्फातून घरी आणलं. त्याची बायको आयली मला बघून म्हणाली, "हे काय आणलंस? मी शिवणाचं मशीन मागितलं होतं." रेइनो नुसता हसला. शिवणाचं मशीन त्या घरात शेवटपर्यंत आलं नाही.

मार्च आला की माझा मान वाढायचा. वर्षाचं कराचं विवरण भरायचे दिवस ते. आयली टेबलावरचा वेलचीचा पाव निमूट उचलून न्यायची आणि रेइनो बाह्या सरसावून बसायचा. मग घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आपलं झालं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची विवरणंही तो करून द्यायचा, धुरी दिलेल्या एखाद्या माशाच्या बदल्यात. आणि दुसऱ्याचं केलं, की खाली 'तयार करणारा' म्हणून स्वतःचं नाव घालायचा. आयलीने मात्र आयुष्यात कधी त्या कागदांत डोकं घातलं नाही. "इथे सही कर," तो म्हणायचा. ती पिठाचे हात पुसून करायची.

मग रेइनोची बोटं बदलली.

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काही बिघडलं. तो घराचा नंबर दाबायचा, बेरजेचं बटण. मग गिरणीतल्या आपल्या जुन्या हजेरीचा नंबर, बेरजेचं बटण. मग मुलाच्या, नीलोच्या, जन्माचं साल. मग पुन्हा घराचा नंबर. चेहरा अगदी पूर्वीसारखा गंभीर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली. मी बेरजा करत गेलो. करणार काय? मला नाही म्हणायचं बटण नाही.

शेवटी तो पट्टी फाडायचा, नीट घडी घालून पाकिटात सरकवायचा आणि आयलीला हाक मारायचा, "झालं गं. टाकून ये टपालात."

"आत्ता जाते," आयली म्हणायची.

मी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. माझ्या तोंडातून निघालेलं ते भरताड सरकारच्या हातात पडणार! पुढच्या मार्चला तेच, त्याच्या पुढच्याही मार्चला तेच. गावात कुणाला पत्ता नव्हता. चर्चमध्ये लोक अजून म्हणायचे, "आकडे म्हणजे रेइनो. त्याला विचारा."

मॅपलची पानं गळाली तेव्हा रेइनो गेला. आणि भर हिवाळ्यात सरकारचं पत्र आलं.

आयलीने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. काही वर्षांपूर्वी तुम्ही घरामागच्या रानातली झाडं तोडून विकलीत, घेणाऱ्याने आम्हाला तसं कळवलं आहे, तुमच्याकडून मात्र काही आलं नाही, असं त्यात होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. जेवण जाईना. अंगणात गाडी वळली की ती पडद्याआड उभी राहायची. "घर घेतील," ती चुलीकडे बघून पुटपुटायची. थोड्या वेळाने दुसरंच पुटपुटायची, "आता सगळ्यांना कळणार."

सगळ्यांना कळण्याची ती दुसरी भीतीच मोठी होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी आयलीने हिय्या केला. पैसे देऊन कुणाकडून तरी विवरण भरून घ्यायचं, या घरात कधी न झालेली गोष्ट. तिने मला लोकरीच्या पिशवीत घातलं, कारण माझ्यावर आल्याशिवाय कुठलीही बेरीज खरी धरायची नाही, असं रेइनोने तिला बजावून ठेवलं होतं.

पहिल्यांदा गेलो बाजारात, कर भरायच्या दिवसांपुरत्या उघडलेल्या एका दुकानात. तिथला माणूस नुसती साखर पेरत होता. "अहो आजी, काळजी कसली करता? असं बसवून देतो की उलट सरकारच तुम्हाला पैसे देईल. तुम्ही फक्त इथे सही करा."

"आणि तुमची सही?"

"माझी कशाला? तुमचं तुम्हीच भरलंत असं दाखवायचं. सगळे तसंच करतात."

आयलीने पिशवी उचलली. "माझा नवरा फुकट करायचा, तरी नाव घालायचा. तुम्ही पैसे घेऊन नाव लपवता? लाज वाटत नाही?" त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. पण गाडीत बसल्यावर किल्ली लावण्याआधी तिने दोनदा मागे वळून दुकानाकडे बघितलं.

मग गेलो कोलेट पेरोकडे. नीलोच्या वयाची बाई. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं विवरणं भरून देण्याचं काम चालायचं. बर्फाचे बूट दाराशीच काढावे लागत. आयलीच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते लपवायला ती पाय खुर्चीखाली ओढून बसली.

"हे काय आणलंत, काकू?" कोलेटने विचारलं.

"यंत्र. तुझी बेरीज मी यावर तपासणार."

"तपासा की. माझं काय जातंय? तिथे प्लग आहे." मग तिने कागद पुढे ओढला. "गेल्या वर्षीच्या विवरणाची प्रत द्या बघू."

"रेइनोने ठेवलीय कुठेतरी."

"त्याच्या आधीच्या वर्षाची?"

"तीही असेल. तो फार टापटिपीचा होता."

आयलीकडून एक सही घेऊन कोलेटने सरकारकडून माहिती मागवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि कॉफी पुढे ठेवली.

"काकू, मला खरं सांगा. शेवटच्या तीन वर्षांचं काहीच पोहोचलेलं नाही. एक कागद नाही."

काहीच नाही? मग त्या पट्ट्या गेल्या कुठे? मी कान टवकारले.

आयलीने कपाला हात लावला नाही. "पहिल्या वर्षी पाकीट जरा फुगलेलं लागलं हाताला," ती म्हणाली. "गाडीत उघडून बघितलं. नुसत्या पट्ट्या. आमच्या घराचा नंबर आणि नीलोचं साल. मी परत आले आणि सौनाच्या न्हाणीघरातल्या भट्टीत टाकलं. त्याला म्हटलं, टाकलं हो टपालात. तो म्हणाला, चला, सुटलो एकदाचा. आणि संध्याकाळी दोन वाट्या सूप प्यायला."

"तेव्हाच यायचं ना माझ्याकडे!"

"कशी येणार? विवरण दुसऱ्याकडे दिलं असतं, तर त्याला कळलं असतं की आपलं संपलं. तो मार्चची वाट बघायचा गं. बाकी सगळं त्याच्या हातून सुटलं होतं. तेवढं एक मला काढून घ्यायचं नव्हतं."

कोलेटने नाक पुसलं आणि पुन्हा कामाचा आवाज काढला. दोन वर्षांचं फारसं काही निघणार नव्हतं, पेन्शनमधून कर आधीच कापला गेला होता. पण झाडं विकली त्या वर्षाचा कर होता आणि त्यावर जबर दंड.

"दंड माफ करून घेता येईल," कोलेट म्हणाली. "काका आजारी होते, त्यांचं डोकं काम देत नव्हतं, असं कारण लिहायचं. डॉक्टरांचा दाखला जोडायचा. मी आत्ता लिहिते."

"नाही लिहायचं."

"काकू, कुणी वाचत नाही हो ते. सरकारी फायलीत पडून राहील."

"राहील ना? मग नाही लिहायचं. लिही, बायको विसरली."

"मी खाली सही करते. खोटं मी लिहिणार नाही."

आयलीने कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मग असं लिही. नवऱ्याने पाकिटं दिली होती, बायकोने ती टपालात टाकली नाहीत. यात खोटं काय आहे?"

कोलेटने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "एक शब्दही खोटा नाही," ती हळूच म्हणाली. "पण यावर माफी मिळणार नाही. मागचं रान विकावं लागेल."

"विकू."

कोलेटने लिहिलं, राहिलेली तिन्ही विवरणं आणि रेइनो गेला त्या वर्षाचंही भरलं. आयलीने माझ्यावर बेरीज तपासली, एकेक बटण एका बोटाने दाबत. बरोबर आली. मग कोलेटने खाली आपलं नाव घातलं. आयलीनेही सही केली आणि रेइनोच्या जागी त्याचं नाव घातलं, तो आता नाही या नोंदीसकट. दोघांची नावं एकत्र येण्याचं हे शेवटचंच वर्ष होतं. तिने ती जागा बोटाने एकदा चाचपली.

रान विकलं म्हटल्यावर नीलो राहत होता त्या ग्रीन बे शहराहून धावत आला.

"तीन वर्षं, आई? तीन वर्षं तू पाकीट टाकायला विसरलीस?"

"विसरले."

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या गाडीच्या किल्ल्या खिशात घातल्या. आता दर रविवारी फोन करून तो विचारतो, "आई, आज वार कोणता?" गॅस बंद केलास का, गोळी घेतलीस का. चर्चमध्ये बायका तिच्याशी सावकाश, मोठ्याने बोलतात. कोलेट तिथेच बाकावर बसलेली असते. ती तोंड उघडत नाही, तिच्या धंद्याचा तो नियमच आहे.

मला अजून टेबलाच्या कोपऱ्यावर जागा आहे. पट्टी संपली, नवी कुणी आणली नाही. माझी धास्ती मात्र गेली नाही. नीलो आता घरही विकायचं म्हणतोय. तिला एखाद्या संस्थेत ठेवू, तिथे लक्ष ठेवायला माणसं असतात, असं तो बायकोला सांगत होता. मी ऐकलं. आयलीनेही ऐकलं असावं. एका वाक्यात तिला हे सगळं थांबवता येईल. परवा तो याच टेबलाशी बसून म्हणाला, "बाबा असते तर ही वेळ आलीच नसती."

"नसतीच आली," आयली म्हणाली आणि त्याला पावाचा जाडसा तुकडा कापून दिला.

मला आतून ओरडावंसं वाटलं. पण ज्याचं त्याने पोटात ठेवलं, ते मी कोण बाहेर काढणारा? तुमच्याजवळ बोललो ते तुम्ही लांबचे म्हणून. तेव्हा एवढं करा. कधी नीलो भेटला, तर त्याला काही सांगू नका.