शिळ्या पाण्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझी काच जाड आहे आणि बूचही काचेचेच आहे, माझ्या गळ्यात घासून घासून बसवलेले. चांदा जिल्ह्यातल्या हिरडटोला नावाच्या गावात, सुगंधाबाईंच्या घरी, चुलीजवळच्या कोनाड्यात मी उभी असते. माझ्यात मोहाचे तेल आहे. सुगंधाबाई रोज सकाळी ते तळहातावर घेतात आणि आपल्या नातीचे, वच्छलाचे, पाय चोळतात. पाय काही सरळ होत नाहीत. होणारही नाहीत. तेल साठवण्यासाठी माझा जन्म झाला नव्हता, मित्रांनो. कशासाठी झाला होता आणि मी इथे कशी आले, ते सांगते.

भट्टीतून निघाले तेव्हा मी काचेचा लालबुंद गोळा होते. एका कारागिराने लांब नळीतून फुंकर घालून मला पोट दिले. माझ्या बरोबरीच्या बाटल्या कोणी औषधाच्या दुकानात गेल्या, कोणी अत्तरवाल्याकडे. मी गेले नागपूरच्या एका प्रयोगशाळेत. तिथे गुणवंतराव नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ होते. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा अभ्यास हे त्यांचे काम. ते मला आधी आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने स्वतः धुवत, दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. सासरी निघालेल्या मुलीचेही कोणी इतके लाड केले नसतील. "ही माझी सर्वांत विश्वासू बाटली," असे ते चार लोकांत सांगत, आणि मला त्याचा अभिमान वाटे. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते काही उगीच नाही.

गुणवंतराव पाण्याचे वय काढत. तुम्ही म्हणाल, पाण्याला कसले आले आहे वय! पण ते असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि तिथे साठून राहते. जितके जास्त दिवस ते खडकाच्या सहवासात राहील तितका त्या दगडाचा अंश त्यात विरघळतो. म्हणून पाण्यातले क्षार तपासले की ते कोणत्या खडकात आणि साधारण किती काळ राहिले याचा अंदाज येतो. दुसरी खूण त्या काळात नवीनच सापडली होती. दूरदेशी मोठमोठी राष्ट्रे महाभयंकर बॉम्ब फोडून पाहत होती. त्या स्फोटांतून हायड्रोजनचा एक जड भाऊ आभाळात पसरला होता आणि पावसाबरोबर साऱ्या जगावर उतरत होता. ज्या विहिरीच्या पाण्यात त्याची खूण भरपूर सापडेल, तिच्यात नव्या पावसाचे पाणी मुरते आहे. ज्या पाण्यात ती नाही, ते बॉम्बच्या आधीचे, कदाचित शेकडो वर्षांपूर्वीचे. माणसांनी एकमेकांना भाजून काढायला जे शोधले, त्याची धूळ विहिरीचे वय सांगायला उपयोगी पडली. जगात असेही होते.

आता हिरडटोल्याचे सांगते. या गावाचे लोक पूर्वी बोडीचे, म्हणजे गावतळ्याचे, पाणी पीत आणि त्या पाण्यातून त्यांना नारू होई. पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर निघे आणि ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत धडधाकट माणूस खाटेवर पडे. मग विकास योजनेतून गावात हातपंपाची बोरिंग झाली. काचेसारखे नितळ पाणी, थंडीत कोमट. नारू गेला. बायकांनी बोरिंगच्या दांड्याला हळदकुंकू लावले. त्याच वर्षी सुगंधाबाईंच्या घरी वच्छला जन्मली. बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही एवढीच काय ती तक्रार होती, आणि नारूपुढे डाळीचे कोणाला काय!

पुढे मात्र मुलांचे नवे दात तपकिरी येऊ लागले. मग गुडघे आत वळून एकमेकांना लागू लागले. वच्छला सात वर्षांची झाली तेव्हा बदकासारखी डुलत चाले. पोरे हसत, ती पण हसे. सुगंधाबाई हसत नसत. त्यांच्या मनात शंका आली आणि त्या नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून घरच्यापुरते गोड पाणी आणू लागल्या. वाट लांब, दरवेळी जमतेच असे नाही. अशा वेळी गुणवंतराव मला घेऊन गावात आले. बोरिंगचे पाणी जुने निघाले आणि त्यात फ्लोराइड नावाचा खडकातला क्षार जास्त सापडला, तर बोरिंग बंद करून नदीकाठी बांधीव विहीर द्यायची, असे ठरले होते. वच्छलाचे पाय माझ्या पोटातल्या पाण्यावर अवलंबून होते.

गुणवंतरावांनी काम चोख केले. आधी बोरिंग पुष्कळ वेळ हापसून नळीतले पाणी जाऊ दिले. मग मला भरल्या बादलीत बुडवून, पाण्याखालीच बूच लावले, म्हणजे आत हवेचा बुडबुडाही राहू नये. बुचावर मेण ओतायचे राहिले, कारण मेणाची डबी चांद्याच्या मुक्कामी विसरली होती. पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, झाडू नावाचा माणूस जंगलातून लाख गोळा करी. त्याने सकाळी लाख आणून देतो म्हटले. मला सुगंधाबाईंच्या ओसरीवर ठेवून गुणवंतराव शाळेत गेले आणि फळ्यावर खडूने चित्रे काढून त्यांनी गावच्या पुरुषमंडळींना पाण्याचे वय समजावून दिले. मंडळींनी माना डोलावल्या. सुगंधाबाई तेव्हा पाहुण्यांसाठी भाकरी थापत होत्या. ओसरीवरच्या बाटलीत काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगावे असे कोणाच्या डोक्यातही आले नाही. माझा सगळा राग इथे आहे, मित्रांनो.

सकाळी सुगंधाबाईंनी घरातली सारी भांडी रिकामी केली. रात्रीचे पाणी शिळे. ते झाडाला घालायचे, भांडे राखेने घासायचे आणि ताजे भरायचे, ही त्यांच्या घरची रीत, तुमच्याही घरची असेल. घागर घेऊन त्या झिऱ्यावर जाऊन आल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. वच्छला म्हणाली की ही तर साहेबांची बाटली आहे, भरलेली आहे.

"भरली असंन, पन शिळं हाय नं माय," सुगंधाबाई म्हणाल्या. "पाव्हना वाटेनं शिळं पानी पेईन काय? लोक काय म्हन्तीन आपल्याले."

त्यांनी माझे बूच काढले आणि शेकडो वर्षे खडकात बसलेले ते पाणी पपईच्या मुळाशी ओतून दिले. मला राखेने लख्ख घासले. मग त्यांनी मला धरले आणि वच्छलाने आपल्या छोट्या गडव्याने माझ्यात झिऱ्याचे पाणी भरले. किती जपून भरले तिने! एक थेंब सांडू दिला नाही. गोड, ताजे, गेल्याच पावसाळ्याचे पाणी. त्या दिवशी मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

झाडू लाख घेऊन आला. गुणवंतरावांनी मला उचलले तेव्हा माझ्या गळ्यात एक बुडबुडा होता. तो त्यांनी पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ते झाडूला म्हणाले की बोरिंगचे पाणी कोमट असते, रात्रीच्या गारठ्याने आकसले असेल. शहाण्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीचे कारण तयार असते. त्यांनी बुचावर लाख ओतली आणि आम्ही निघालो.

माझ्यातले थोडे पाणी नागपुरात तपासले, थोडे दुसऱ्या बाटलीतून आगबोटीने परदेशी गेले. निकाल यायला फार महिने लागले. फ्लोराइड नाममात्र, नव्या पावसाची खूण भरपूर. वरून हुकूम सुटला की बोरिंगचे पाणी ताजे आणि निर्दोष आहे, तेच प्यावे, दुखण्याचे कारण अन्नात शोधावे. गावात दवंडी पिटली गेली. सुगंधाबाईंनी झिऱ्याची वाट सोडली. बाटलीवाल्या साहेबाने तपासलेले पाणी दारात असताना म्हातारीने उन्हातान्हात कशाला जावे? त्या वच्छलाला आग्रहाने ते पाणी पाजत.

दोन वर्षांनी गुणवंतराव पुन्हा आले. त्याच खडकातल्या दुसऱ्या गावाचे पाणी फार जुने आणि क्षारांनी भरलेले निघाले होते, आणि माझ्या गळ्यातला तो बुडबुडा त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. त्यांनी मला बोरिंगवर भरले, ओसरीवर ठेवले आणि लाख वितळवायला विस्तव मागितला. विस्तव घेऊन सुगंधाबाई आल्या. त्यांच्यामागून वच्छला आली, दोन्ही हातांवर भार देऊन जमिनीवरून सरकत. गुणवंतराव तिच्याकडे पाहतच राहिले.

तेवढ्यात सुगंधाबाईंनी मला उचलले आणि बुचाला हात घातला.

"बाई, हे काय करता?" गुणवंतरावांनी विचारले.

"जाऊन राह्यले नं जी तुमी? ताजं भरून देतो. मागच्या खेपेलेबी मीच बदलून देल्लं होतं. झिऱ्याचं पानी होतं ते. या पोरीनंच भरलं होतं."

गुणवंतराव ओसरीच्या कडेला खाली बसले. हातातली लाख निखाऱ्यावर पडून जळू लागली, तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"काऊन जी," सुगंधाबाईंनी भीत भीत विचारले, "खराब निंगालं होतं काय ते पानी?"

"नाही बाई. फार चांगलं निघालं होतं."

सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग बोरिंगकडे, मग वच्छलाकडे. कोणी फळ्यावर चित्र काढून दाखवले नाही, तरी त्यांना सारे उमगले.

"मंग दवंडी देऊन जे प्या म्हन्लं," त्या हळूच म्हणाल्या, "ते कोन्तं पानी होतं जी?"

गुणवंतराव उठले. त्यांनी त्याच दिवशी बोरिंगचा दांडा स्वतःच्या हाताने काढला. पुढे नदीकाठी विहीर झाली. त्यानंतर जन्मलेली मुले सरळ पायांनी धावतात, त्यांची धावपळ मला कोनाड्यातून ऐकू येते. वच्छलाला त्या विहिरीचा उपयोग झाला नाही. हाडाने एकदा वळण घेतले की ते परत फिरत नाही.

गुणवंतराव जाताना मला ओसरीवरच ठेवून गेले. सुगंधाबाई मला फोडतील असे वाटले होते. त्यांनी फोडले नाही. पाणी ओतले, मला धुतले आणि तेल भरले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही, काच काय, आज आहे उद्या नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, कोणाच्या गावचे पाणी, माती, रक्त तपासायला न्याल. तेव्हा आधी त्या घराच्या चुलीपाशी बसा आणि भाकरी थापणाऱ्या बाईला सांगा की हे का नेतो आहोत. फळ्याचे नंतर पाहा.

सुगंधाबाई आता रोज सकाळी भरले भांडे घेऊन उंबऱ्याशी थबकतात. रात्रीचे पाणी ओतायला त्यांचा हात धजत नाही. त्या तशाच उभ्या राहतात, आणि मग आतून, जमिनीवरून, वच्छलाचा आवाज येतो.

"ओत वो आजी. ते आपलंच हाय."