काळ्या फिल्मवरचे दोन थेंब

गुरांचे डॉक्टर दत्तोपंत यांनी धुरपताबाईनं आणलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि फोटोच्या काळ्या फिल्मवर एक थेंब टाकला. शेजारी दुसरा टाकला, तो दवाखान्यातल्या धडधाकट गाईच्या नाकातल्या पाण्याचा.

"शिंगाचा कॅन्सर झालेल्या जनावराच्या नाकातल्या पाण्यात मांस जिरवणारा रस उतरतो, बाई. फिल्मवर सरसाचा थर आहे, तोही तो खातो. थर टिकला, तर तुमच्या चांद्याचं शिंग कापायची घाई नाही."

"व्हय," धुरपताबाई म्हणाली आणि पदर दातात धरला.

चांद्याचं डावं शिंग महिन्यापासून कललं होतं. कापलं की बैल महिनाभर गोठ्यात, आणि ज्वारीची पेरणी आठ दिवसांवर. नवरा अंथरुणाला खिळलेला. एका बैलावर पेरणीची पाभर चालत नाही, आणि रान पडीक राहिलं तर खायचं काय? मग बाईनं डोकं चालवलं. सकाळी बाटली भरली ती चांद्याच्या नाकाखाली नव्हे, त्याच्या जोडीदाराच्या, हरण्याच्या. हरण्या ठणठणीत, कडबा फस्त करणारा. येडशीच्या दवाखान्यापर्यंत पायी येताना ही लबाडी तिला टोचत होती, पण पेरणीपुढं कसली लाज! आठ दिवस मिळाले की पुरे. मग चांद्याचं शिंग खुशाल कापा, ती स्वतः कासरा धरणार होती.

ओल्या फडक्यावर ठेवलेली फिल्म तासभर उन्हात राहिली. मग डॉक्टरांनी ती पाण्यात बुचकळून वर धरली. गाईचा थेंब होता तिथं काळं तसंच होतं. बाटलीतल्या थेंबाखालचं मात्र धुऊन गेलं होतं. रुपयाएवढ्या त्या ठिपक्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

धुरपताबाईनं फिल्म हातात घेतली. पदरानं पुसली. पुन्हा पाहिली.

"ह्ये चुकतं का कवा, डाक्टर?"

"आजवर तरी चुकलेलं नाही." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "उद्या सकाळीच येतो. अजून वेळ गेलेली नाही, शिंग काढलं तर जनावर वाचेल. आणि धीर सोडू नका, दुसरा बैल तरी धड आहे ना!"

तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. बाहेर कुणाची तरी गाडी घुंगरं वाजवत गेली.

"डाक्टर," ती म्हणाली, "भुलीचं औशद दोन्ही बैलांपुरतं आणा."