उन्हाला पारखी झालेली घडी

मी एक जुनी घडी आहे. सुती कापडाची, चार पदरी, पाळीच्या दिवसांत बायका वापरतात ती. नाक मुरडू नका, मित्रांनो. चादरीला आणि रुमालाला आपली कहाणी सांगायचा मान असेल, तर तो मलाही असायला हरकत नाही. आणि मैत्रिणींनो, तुम्ही तर जरा पुढेच सरकून बसा.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या सारजाचे एक हिरवे सुती पातळ होते. मी त्याचा पदराजवळचा भाग. तेव्हा मी अंगणातल्या दोरीवर ऐटीत वाळायची. ऊन अंगात मुरले की कापडाला काय सुख होते, ते कापडालाच ठाऊक! १९९३ साली पातळ विरले. सारजाच्या सासूने, भागूबाईंनी, ते टर्रकन फाडले आणि माझी घडी झाली. त्या दिवसापासून मला ऊन दिसले नाही.

घडी बाप्यांच्या नजरेला पडू नये, असा त्या घराचा दंडक होता. सारजा मला घाईघाईने थंड पाण्यात बुचकळायची आणि गोठ्यात, कडब्याच्या मागे, गोणपाटाखाली वाळत घालायची. वाळत आपले म्हणायचे. तिथे शेणामुताचा ओलावा आणि वर काळोख. पुढच्या महिन्यात ती मला उचलायची तेव्हाही मी दमट आणि कुबट असायची. दुपारी पत्र्याच्या भोकातून एक कवडसा आत यायचा, माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबायचा आणि निघून जायचा. त्या वीतभर अंतरासाठी मी किती झुरले, काय सांगू!

दोन वर्षांनी सारजाच्या अंगावरून पांढरे जास्त जाऊ लागले. त्याला मासळीसारखा वास येई. आपणच अस्वच्छ, असे तिच्या मनाने घेतले. मग कपड्यांचा साबण काय, तुरटीचे पाणी काय, दिवसातून तीन-तीनदा ती आतून धुऊ लागली. जितके धुवावे तितका वास वाढे. दहा वर्षांची स्वप्नाली शाळेतून आली की आईच्या मांडीवर डोके टाकायला धावायची.

"लांब बस की जरा!" सारजा खेकसायची.

पोरगी हिरमुसून जायची आणि सारजा चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची. नवऱ्याशी, मानसिंगशीही ती चार हात लांबूनच बोलायची. लेकीला कुशीत घ्यावे, नवऱ्याशेजारी घटकाभर निवांत बसावे, एवढीच तिची ओढ होती. नेमके तेवढेच तिला जमत नव्हते.

शेवटी तिने एक अजब तोडगा काढला. भिगवणच्या बाजारात मासळी निवडायच्या कामाला ती जाऊ लागली. मेंढरे राखणाऱ्या घराण्यातली सून मासळी निवडते म्हणून भावकी फिदीफिदी हसली. सारजाने हसू दिले. मासळीच्या पाट्यांमध्ये बसल्यावर कुठला वास कुणाचा, हे कोण विचारणार?

एका सोमवारी ती भिगवणहून एसटीने परत निघाली. पाळी तोंडावर आली होती, म्हणून मी पिशवीत डब्याखाली होते. गाडी निम्मी रिकामी, तरी सारजा मागच्या दाराशी उभी. तेवढ्यात गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई, करुणाताई, गाडीत चढल्या.

"सारजा, एवढी जागा मोकळी हाय आन तू उभी का?"

"मासळीचा वास हाय अंगाला, बाई. तुमची साडी खराब व्हईल."

"आज बाजार कुठं भरलाय? वारं सुटलंय, होड्या धरणात गेल्याच न्हाईत. मी आत्ता तितनंच आले."

सारजाचे तोंड एवढेसे झाले. करुणाताईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवले. गाव येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. कितीतरी महिन्यांनी सारजाच्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला होता.

उतरल्यावर करुणाताईंनी तिला उपकेंद्रात नेले, आणि दार लावून घेतल्यावर सारजाचा बांध फुटला.

"माज्यात एवढी कसली घान हाय वो, बाई?"

"घाण न्हाय गं, आजार हाय. लई बायांना होतो. आन थोडं पांढरं जाणं, थोडा वास येणं, हे तर निरोगी बाईलाबी असतंय. पर मासळीवानी वास आला, खाज सुटली, आग झाली, रंग बदलला, तर तपासून घ्यायचं."

"मी रोज आतनं साबनानं धुती की."

"तितंच चुकतंय! आत दह्याच्या विरजणासारखं चांगलं काहीतरी असतंय, तेच तुझी राखण करतंय. ते तू धुऊन काढतीस. आतलं शरीर आपलं आपण साफ होतंय. बाहेरनं साधं पाणी, बास. आन घडी कुठं वाळवतीस?"

"गोठ्यात, गोणपाटाखाली," म्हणत सारजाने मला पिशवीतून बाहेर काढले. करुणाताईंनी मला चाचपले.

"ही तर ओलीच हाय. असलं दमट कापड अंगाला लावायचं व्हय? ही टाकून दे. नव्या घड्या कर, चार-सहा तासांनी बदल, साबणानं धू आन कडक उन्हात वाळव."

ऊन म्हटल्यावर माझा धागा न् धागा मोहरला. मग ध्यानात आले, ते ऊन माझ्यासाठी नव्हते.

करुणाताई तिला बारामतीच्या बाईडॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासणी झाली, सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पंधरवड्यात वास गेला. एका दुपारी स्वप्नाली जपून, हातभर अंतर राखून आईजवळ बसली, तर सारजाने तिला ओढूनच मांडीवर घेतले. पोरगी गुदमरली, पण हलली नाही.

नव्या घड्या अंगणात लागल्या तेव्हा मात्र भागूबाई कडाडल्या.

"लाज हाय का न्हाय? बापय मानसं बगत्याल!"

"बघू द्या, आत्या. कापडच हाय," सारजा म्हणाली. "आजारापायी मी दीड वरीस लेकीला जवळ घेतलं न्हाय."

टाकून द्यायची म्हणून मी अजून तशीच पडून होते. भागूबाई मला कागदात गुंडाळून पुरायला घेऊन निघाल्या, त्या गोठ्याच्या उंबऱ्यावरच बसल्या.

"मलाबी हुतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "पंधरा वर्सं. तुजा सासरा घरात नीज म्हनायचा, मी हितं म्हशीपाशी निजायची. त्याला वाटलं, मला तो आवडत न्हाय. तसाच गेला बिचारा. त्यानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

सारजा त्यांच्याजवळ सरकून बसली.

मित्रांनो, आता भागूबाई मला मातीआड करतील. ऊन काही माझ्या नशिबी आले नाही, त्याची हळहळ मी बरोबर घेऊन जाते. तुमच्या घरातल्या घड्यांना तेवढे ऊन दाखवा. अंगाचे दुखणे अंधारात कोंडू नका. आणि घरातली कुणी बाई उगाच लांब लांब बसू लागली, तर तिला हसू नका, रागावू नका. जवळ जा आणि काय होतंय ते विचारा. भागूबाईंना पंधरा वर्षांत एकानेही विचारले नाही.