शंभरापुढची खूण

मित्रांनो, ज्याच्या शून्याच्या कळीवरचं शून्य पुसलं गेलं आहे आणि ज्याच्या स्पेसबारला मधोमध अंगठ्याचा खळगा पडला आहे, असा मी एक जुना कीबोर्ड आहे. डोंबिवली पूर्वेला चांगदेवांच्या डीटीपीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. मला भावना फारशा नाहीत. कळ दाबली की मला समजतं, सोडली की मी विसरतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा चांगदेवांनी मला उदबत्ती ओवाळली आणि माझ्या इंग्रजी अक्षरांशेजारी मराठी अक्षरांची स्टिकरं चिकटवली. मग मी भाडेकरार टाइप केले, सोसायट्यांच्या नोटिसा टाइप केल्या, लग्नपत्रिका तर किती. लोक म्हणत, "चांगदेवभाऊ, तुमचा हात काय चालतो हो." माझं नाव कुणी घेत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या एका कळीबद्दल मात्र सांगायला हवं. तिच्यावर खाली एक आहे आणि वर उद्गारचिन्ह. शिफ्टबरोबर ती दाबली की उद्गारचिन्ह यायला हवं. पण मराठी चालू असताना तशी दाबली तर 'ऍ' उमटतो. उद्गारचिन्ह हवं असेल तर आधी इंग्रजीत जावं लागतं, ते टाकावं लागतं आणि मग मराठीत परत यावं लागतं. आश्चर्य व्यक्त करायला मराठी माणसाला इंग्रजीत जावं लागतं, याचंही मला आता काही वाटत नाही.

चांगदेवांची मुलगी रचना अकरावीला होती. शहाडच्या घरून रोज दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन दुकानात यायची आणि मागच्या स्टुलावर बसून गणितं सोडवायची. ती ज्या क्लासला जात होती, त्याची मोठी शाखा घोडबंदर रोडला होती. तिथल्या खास तुकडीत डोंबिवलीतून एकच विद्यार्थी घेणार होते, त्यासाठी परीक्षा होती. रचनाला ती जागा हवी होती. इतकी, की ती जेवताना मीठ वाढलं आहे की नाही हेही बघत नसे.

आणि त्या परीक्षेचा पेपर टाइप व्हायला आला आमच्याच दुकानात.

चांगदेवांनी त्या दिवसापासून मुलीला दुकानबंदी केली. "डबा पायरीवर ठेव आणि जा," ते म्हणाले.

"अहो पप्पा, मी काय पेपर चोरायला येते का?"

"तू नाही येत गं. पण उद्या लोक म्हणतील ना."

शिवाय त्यांनी मॉनिटरवर टॉवेल टाकला. अंघोळीचा, चौकटीचा. झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक वाकून बघू लागलं की ते टॉवेल पुरता खाली ओढायचे आणि न बघता टाइप करत राहायचे. गणिताच्या मॅडमनी हातानं लिहून दिलेला प्रश्न होता: १००! च्या शेवटी किती शून्ये येतात? तो आला तेव्हा टॉवेल खाली होता. चांगदेव इंग्रजीत जायला विसरले. मी नेहमीप्रमाणे जे दाबलं ते दिलं.

दुसऱ्या दिवशी क्लासचे मालक सौमित्र सर प्रूफ तपासायला आले. सर मराठीचे मोठे अभिमानी. लाल पेन घेऊनच जन्मल्यासारखे. "शंभरऍ?" ते म्हणाले. "चांगदेव, हा ऍ इथं काय करतोय? उपरा." आणि त्यांनी तो खोडला.

चांगदेवांनी मॅडमचा कागद पाहिला. तिथं उद्गारचिन्ह होतं. शंभर बघून मॅडमना इतकं आश्चर्य का वाटलं असेल, हे त्यांना कळेना. विचारायला घरात एक जण होती, पण तिलाच विचारायचं नव्हतं. सरांना कळत असेलच, असं म्हणून ते गप्प राहिले. पेपर छापला गेला: १०० च्या शेवटी किती शून्ये येतात?

रचनानं लिहिलं, दोन.

निकालात ती एका गुणानं मागे पडली. सर अभिनंदनाचा फलक टाइप करून घ्यायला दुकानात बसले होते, तेव्हा ती तपासलेला पेपर घेऊन तडक आत आली.

"सर, शंभराच्या शेवटी चोवीस शून्यं कशी काय? मोजून दाखवता का जरा?"

"अगं, उत्तरसूचीत चोवीस आहे."

"शंभर फॅक्टोरिअलच्या शेवटी चोवीस. पण ते म्हणायला पुढे उद्गारचिन्ह लागतं. इथे कुठाय?"

सरांनी मॅडमना फोन लावला. बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा होत गेला. फोन ठेवून ते म्हणाले, "चांगदेव, चिन्ह कुठं गेलं?"

"तिथं ऍ पडलेला, सर. तुम्ही खोडलात."

"ऍ कुणी घातला?"

चांगदेवांनी माझ्या एकच्या कळीकडे पाहिलं. झेरॉक्स मशीन तेवढं चालू होतं.

ज्याचं नाव फलकावर जायचं होतं, त्या अपूर्वलाही सरांनी फोन केला. तो बिचारा खरं बोलला. "सर, मी प्रश्न नीट वाचलाच नाही. तो दरवर्षी येतोच ना, चोवीस." ज्यानं वाचलं तिचा गुण गेला, ज्यानं वाचलं नाही त्याला मिळाला.

सर न्यायी होते. त्यांनी तो प्रश्नच रद्द केला. आता दोघांचे गुण सारखे झाले आणि जागा एकच. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वर्णमालेप्रमाणे जाऊ. अ आधी येतो." फलकावरचं नाव बदलावं लागलं नाही.

रचना रडली नाही. डबा टेबलावर ठेवून ती गेली. चांगदेवांनी डब्यातला चमचा घेतला, एकच्या कळीखाली घातला आणि ती कळ उपटून टाचण्यांच्या डबीत टाकली. मला दुखलं नाही. एक टाइप करायला उजवीकडे आकड्यांच्या कळा होत्याच. उद्गारचिन्ह मात्र दुकानातून गेलं. 'पाणी जपून वापरा' आणि 'हार्दिक अभिनंदन' एकाच सुरात छापले जाऊ लागले. बापलेकीचं बोलणंही तसंच झालं. डबा ठेवला. बरं. जेवलात? हो.

मग एकदा प्रमोदिनीबाई मुलाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन आल्या. "अहो, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', हे धमकी दिल्यासारखं का वाटतंय?"

चांगदेव म्हणाले, "कळ नाही." स्टुलाजवळ डबा ठेवत असलेली रचना हसली. कित्येक आठवड्यांनी. तिनं टाचण्यांच्या डबीतून कळ शोधली, फुंकली आणि माझ्यात बसवली. खट्ट झालं.

प्रमोदिनीबाई गेल्यावर चांगदेवांनी माझ्याकडे बघत विचारलं, "ही खूण शंभरापुढे म्हणजे काय असते गं?"

"एकापासून शंभरापर्यंत सगळ्यांचा गुणाकार, पप्पा. दोन आणि पाच भेटले की शेवटी एक शून्य येतं. दोन ढिगानं असतात, म्हणून मोजायचे फक्त पाच. पाचाच्या पाढ्यातले वीस. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर यांच्यात एकेक पाच जादा. झाले चोवीस."

"एवढंच?"

"एवढंच. मला तेव्हाच विचारलं असतं ना, तर..." ती थांबली. "जाऊ दे. विचारलंत ना आता."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, हे मी सांगायला नको. दुसरं सांगतो. न कळणारी खूण दिसली तर ती खोडण्याआधी कुणाला तरी विचारा, आणि ज्याला कळतं त्याला पायरीवर उभं करू नका.

ती जागा रचनाला मिळाली नाही, ती घरीच अभ्यास करते. पण त्या दुपारी तिनं वडिलांचं बोट धरून माझ्या कळीवर ठेवलं. चांगदेव आधी इंग्रजीत गेले, दाबलं, मराठीत परत आले. मॉनिटरवर टॉवेल नव्हता. दोघांनी मिळून वाचलं: १००!