डाव्या बाजूचं व्हायोलिन

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. त्या वर्षी रेडिओकाकूंना अडुसष्टावं लागलं आणि त्यांच्या हेडफोनच्या लांबलचक तारेत पाय अडकून त्यांची धाकटी नणंद स्वयंपाकघराच्या दारात आडवी झाली. हाड मोडलं नाही, पण हातातली बरणी फुटली.

“वहिनी, आता या घरात एक तर ही तार राहील, नाहीतर मी,” नणंद जमिनीवर बसल्याबसल्याच म्हणाली.

“वन्सं, जरा खाली बघून चालावं माणसानं.”

“घरातल्या घरात खाली बघून चालू? बिनतारी घ्या. हल्ली मिळतात. शेजारचे आजोबा डोक्यावर चढवून झाडांना पाणी घालतात, तुम्ही काय त्यांच्यापेक्षा म्हाताऱ्या?”

काकूंनी एकतीस वर्षं रेडिओ केंद्राच्या ध्वनिमुद्रण कक्षात काढली होती. तो तारेचा जाडजूड हेडफोन निरोपसमारंभात तिथल्या मंडळींनी भेट दिलेला; ज्यावर त्या एकतीस वर्षं ऐकत आल्या, तोच. भाच्याने त्यांची सगळी जुनी मुद्रणं मोबाइलमध्ये भरून दिली होती. दुपारी जेवणं झाली की काकू खिडकीपाशी बसत, तो डोक्यावर चढवत आणि संध्याकाळपर्यंत हाकेला ओ देत नसत. रेडिओकाकू हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट आतून थोडा अभिमानच होता.

काकूंचा या जगात फक्त दोन गोष्टींवर विश्वास होता: स्वतःच्या डाव्या कानावर आणि स्वतःच्या उजव्या कानावर. बाकी सगळीकडे त्यांना पाणी मुरताना दिसायचं. दूधवाला हसून बोलला की त्या दूध पातळ आहे का बघत. त्यातून त्या महिन्यात वर्तमानपत्रात आलं होतं की, नामवंत कंपन्यांच्या खोक्यात नकली हेडफोन घालून विकणारी टोळी पकडली. काकूंनी ते कात्रण घडी घालून पाकिटात ठेवलं आणि शनिवारी सकाळी दोघी मोठ्या दुकानात गेल्या.

हेडफोनचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. तिथली विक्रेती तिशीची, चुणचुणीत, केस करकचून बांधलेली. “या काकू. गाणी ऐकायला हवेत की फोनवर बोलायला?”

“ऐकायला. आणि मला फसवायचं नाही.”

“अगं बाई, अजून तर मी काही दाखवलंही नाही,” ती हसली.

काकूंना ते हसू आवडलं नाही. त्यात विक्रेती “चार्ज केलेले आणते हं” म्हणून मागच्या खोलीत गेली आणि चांगली पाच मिनिटं तिकडेच राहिली. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. खोकी इथे, माल तिथे, हे कसं?

तेवढ्यात विभागाचे व्यवस्थापक तिथे आले. गळ्यात पट्टा, हातात कागद. काकूंच्या तोंडून कात्रणाचं ऐकल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात आमच्याकडेही दोन नकली निघाले. कुणीतरी आतलंच माणूस बदली करतंय. ही मुलगी नवीन आहे, अजून कायम केलेली नाही. काही वेगळं वाटलं तर मला लिहून द्या. ग्राहकाची लेखी तक्रार आली की लगेच नारळ देता येतो.”

विक्रेती तीन हेडफोन घेऊन परतली तेव्हा काकू डोळ्यांत तेल घालून तिच्या हातांकडे बघत होत्या.

पहिला तिने स्वतः काकूंच्या कानांवर नीट बसवला. गादी मऊ होती, कान पूर्ण आत जात होता, चष्म्याची दांडीही टोचत नव्हती. काकूंनी मोबाइलमधलं आपलं ठरलेलं मुद्रण लावलं. व्हायोलिन आणि पियानो, दोघंच. एक्क्याऐंशी साली त्यांनी स्वतः केलेलं. डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे पियानो. जिवाचा कान करून त्या ऐकू लागल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

व्हायोलिन उजवीकडून येत होतं.

“दुसरा दे.”

दुसऱ्यातही उजवीकडून. तिसरा सगळ्यांत महागाचा; त्यात पंख्याचा, माणसांचा, सरकत्या जिन्याचा सगळा आवाज एकदम नाहीसा झाला, आणि त्या शांततेत व्हायोलिन आलं ते उजवीकडूनच.

काकूंनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. “आत तारा उलट्या जोडल्यात. असली कामं घाईघाईत नकली माल बनवणारे करतात.”

“काकू, तिन्हीमध्ये एकच चूक? तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. तुमचं मुद्रणच उलटं नसेल ना?”

“माझं मुद्रण? मी बसवलंय त्यांना खुर्च्यांवर! तू तेव्हा जन्मालाही आली नव्हतीस.”

“तसं नाही म्हणत मी. माझ्या मोबाइलमधलं एखादं गाणं लावून बघा ना.”

“हो, मोबाइल तुझा, गाणं तुझं, हेडफोनही तुझेच. मी काय नुसती मान डोलवू?”

नणंदेने कोपराने ढोसलं. “वहिनी, लोक बघतायत.”

“बघू देत.”

व्यवस्थापकांनी स्वतः हेडफोन चढवला, मान तिरकी केली, म्हणाले, “उजवीकडूनच येतंय खरं.” आणि त्यांनी विक्रेतीकडे असं पाहिलं की तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फक्त एवढंच विचारलं, “काकू, तुमची अगदी खात्री आहे? मला सोमवारपासून घरी बसवतील.”

“खात्री नसती तर बोलले असते का?”

काकूंनी लिहून दिलं. सही केली आणि सहीखाली, निवृत्त ध्वनिमुद्रक, असंही लिहिलं. व्यवस्थापक म्हणाले, सोमवारी सकाळी अकराला कागद मुख्य कचेरीत जाईल.

रविवारी दुपारी काकू खिडकीपाशी बसल्या, जुना हेडफोन चढवला आणि तेच मुद्रण लावलं. व्हायोलिन डावीकडे. जागच्या जागी. काकूंना बरं वाटलं. नणंद समोर सुईत दोरा ओवत होती. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले होते. तिच्या नजरेतून तिरकी शिवण सुटत नसे. ती बराच वेळ काकूंच्या डोक्याकडेच बघत राहिली.

“काय झालं?” काकूंनी एक कान मोकळा केला.

“वहिनी, हे तुम्ही उलटं घालता.”

“काय उलटं?”

“गादी बघा. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. जाड बाजू कानामागे यायला हवी, तिथे खळगा असतो. तुमची पुढे आलीय, गालावर. उजवी बाही डाव्या खांद्याला लावल्यासारखी.”

“एकतीस वर्षं घातलाय मी हा.”

“मग एकतीस वर्षं उलटा घातलात.”

काकू हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. त्यांनी हेडफोन काढला, गादीची कड नखाने वर केली. आतल्या पत्र्यावर इंग्रजी अक्षर कोरलं होतं. डाव्या कानावरच्या वाटीत उजव्याचं. दुसऱ्या वाटीत डाव्याचं.

मग त्यांना सगळं आठवलं, आणि आठवल्यावर बसवेना. कक्षातल्या टेबलावर हेडफोनची तार खुपसायची खाच उजव्या टोकाला होती. तार मात्र डाव्या वाटीतून निघायची. सरळ घातला की तार टेबलावरच्या सगळ्या बटणांवरून आडवी यायची, हाताला अडकायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, “बाई, तार उजवीकडून घ्यायची, फिरवून घाला.” सगळेच फिरवून घालत. खोलीत स्पीकर एकच होता, घराघरांतले रेडिओही तसलेच, एका तोंडाचे. डावं-उजवं कळणार कुणाला? आणि काकू तर फिरवलेल्या हेडफोनवर ऐकत ऐकतच, बटणं सरकवून व्हायोलिन डावीकडे नेऊन ठेवत. म्हणजे खरोखरीचं ते उजवीकडे जात होतं. प्रत्येक वेळी. एकतीस वर्षं.

“वन्सं, ती पोरगी खरं बोलत होती.”

“मला तेव्हाच वाटलेलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्यापुढे? कानांच्या विषयात?”

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. त्यांची सही, त्यांचा हुद्दा, त्यांचे कान सगळे जसेच्या तसे राहणार होते. फक्त एका मुलीची नोकरी जाणार होती. संध्याकाळी त्यांनी जुना हेडफोन पिशवीत घातला आणि नणंदेला सांगितलं, “उद्या साडेनऊला निघायचं.”

सोमवारी दुकानाचं दार उघडायच्या आधी दोघी पायरीवर उभ्या होत्या. काकू तक्रार मागे घ्यायला आल्यात, हे व्यवस्थापकांना अजिबात रुचलं नाही.

“मॅडम, त्या मुलीने तुम्हाला घरी फोन केला होता का? रडली असेल. असे प्रकार होतात.”

“मला कुणी फोन केला नाही. माझी चूक माझ्या नणंदेने पकडली.”

“यापूर्वी तिला ओळखत होतात?”

नणंद पुढे झाली. “अहो, शनिवारी वहिनींनी म्हटलं चोर, तेव्हा लगेच पटलं तुम्हाला. आज म्हणतायत साव, तर पंचनामा?”

काकूंनी हेडफोन बाहेर काढला, मोबाइलला जोडला, त्यांना आधी नीट घालायला लावला, मग फिरवून. व्हायोलिन या कानातून त्या कानात गेलं. व्यवस्थापकांनी तीनदा फिरवून पाहिलं. मग ते म्हणाले, “म्हणजे तुमची सगळीच मुद्रणं...”

“सगळी उलटी. लिहून देते.”

आणि त्यांनी लिहून दिलं. अक्षर स्वच्छ आलं. हुद्दा याही वेळी घातला, कारण चूक त्या हुद्द्यावरच झाली होती. शनिवारचा कागद त्यांनी मागून घेतला आणि व्यवस्थापकांसमोर फाडला.

विक्रेती अकराच्या सुमारास आली, आपलं सामान न्यायला. झालं ते ऐकून तिने काकूंकडे बघितलं, पण ती हसली नाही.

“मला दोन रात्री झोप नाही, काकू.”

“मलाही एक नाही. बरोबरी नाही होत, माहीत आहे.” काकू खुर्चीवर बसल्या. “आता तू सांगशील तो घेते.”

“आणि मी महागाचा सांगितला तर? म्हणाल, कमिशन असणार.”

“असं वाटेल. तरी घेईन.”

तिने महागाचा सांगितला नाही. मधला काढला. म्हणाली, महागाचा बाहेरचा आवाज छान गिळतो, पण खालचे सूर फुगवून ऐकवतो. पियानो लाकडाचा न वाटता ढोलासारखा वाटेल. हा वजनाला हलका आहे, दोन-तीन तास घातला तरी डोकं आवळत नाही, एकदा चार्ज केला की आठवडा जातो, आणि घरी बाहेरचा आवाज पूर्ण बंद करायची तशी गरज काय? काकूंनी पियानो ऐकला. लाकडाचाच होता. तरी सवयीने त्यांनी खोक्यावरचा क्रमांक आणि हेडफोनवरचा क्रमांक दोनदा जुळवून पाहिला. विक्रेतीने त्यांना जुळवताना पाहिलं आणि ती पहिल्यांदाच थोडं हसली.

नकली हेडफोन कोण घुसवत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. व्यवस्थापकांची सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात बदली झाली. जाताना त्यांनी प्रत्येकाचा कप्पा तपासायला लावला, असं म्हणतात. विक्रेती कायम झाली, पुढे त्याच विभागाची प्रमुख झाली आणि आता नव्या माणसांना माल दाखवायला शिकवते. रेडिओ केंद्राला काकूंनी पत्र लिहून मुद्रणं उलटी असल्याचं कळवलं. तिकडून एका ओळीची पोच आली; सुधारणा झाली की नाही, देव जाणे. नणंद दोन हजार तेवीस साली गेली, चार दिवसांच्या तापाने, सुईदोरा उशाशी ठेवून. काकू अजून आहेत. उजवा कान आता बराच गेलाय, त्यामुळे सगळं व्हायोलिन तिकडेच राहतं आणि त्यांना मुख्यतः पियानो ऐकू येतो. त्याची त्या तक्रार करत नाहीत. त्या म्हणतात, पियानोवाला चांगला वाजवायचा, तेव्हा आपण त्याच्याकडे फारसं लक्षच दिलं नव्हतं.