कच्च्या वहीतला तेरावा महिना

मी एक जुनी वही आहे, आणि तीही कच्ची. मित्रांनो, कच्ची म्हटल्यावर हसू नका. जिच्यात आधी घाईघाईने लिहितात, खोडतात, शाई सांडतात आणि मग त्यातलं निवडून दुसरीत सुवाच्य अक्षरात उतरवतात, ती कच्ची वही. मान सगळा त्या दुसरीला, पक्कीला. ती काचेच्या कपाटात उभी राहते. मी मात्र उमेदीची वर्षं कोटाच्या खिशात, सायकलच्या पिशवीत आणि ओल्या गवतावर काढली.

माझं मूळ गाव ओस्टरमोस. डेन्मार्कमधलं अगदी आडगाव. तिथे १९०८ साली सुरू झालेला एक फुटबॉल क्लब होता. राजधानीत त्याचं नाव कुणी ऐकलं नसेल, पण गावाला त्याचा केवढा अभिमान! मैदानाच्या एका टोकाला कुंपणापलीकडे गाई चरत. चेंडू तिकडे गेला की गाय बाजूला होईपर्यंत खेळ थांबे. १९४४ मध्ये क्लबने आक्सेल थोरुप या अठरा वर्षांच्या मुलाला लेखनिक नेमलं. त्याने त्याच दिवशी गावातल्या दुकानातून मला आणलं. निळी कापडी बांधणी, दोनशे पानं, आणि कोऱ्या कागदाचा तो वास. तेव्हा मी फार ऐटीत होते.

दर रविवारी आक्सेल माझ्यात लिहायचा. आधी तारीख, मग कुणाशी सामना, गोल कुणी केले, हवा कशी होती. तारीख लिहिताना दिवस आधी, महिना नंतर. हे ध्यानात ठेवा, माझी सगळी कहाणी त्यावरच अडली आहे.

१३/६/१९४८. त्या दिवशी वरच्या गटात जाण्याचा सामना होता आणि आमचा एक खेळाडू तापाने फणफणला. ऐन वेळी आक्सेलच्या धाकट्या भावाला, व्हिगोला, उसने बूट घालून उतरवलं. तो अठरा वर्षांचा. बूट मोठे, म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने गोल केला आणि आमचा क्लब पहिल्यांदाच वरच्या गटात गेला. आक्सेलने इतक्या घाईघाईने लिहिलं की त्या ओळीवर शाईचा डाग पडला, तो अजून आहे. 'व्हिगो थोरुप. हवा: स्वच्छ.'

त्या हिवाळ्यात व्हिगोला मेंदूज्वर झाला आणि तो चार दिवसांत गेला. एक सामना, एक गोल. त्याच्या नावावर दुसरं काही लिहायची वेळ आलीच नाही. आक्सेल ते पान उघडून तासन्‌तास बसायचा. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण नुसता कागद नाही.

पुढे १९५६ मध्ये आक्सेल सुतारकामासाठी अमेरिकेला निघाला. पक्की वही क्लबात राहिली, मी त्याच्या ट्रंकेत आले. पाच वर्षांनी बातमी आली की क्लबची इमारत जळाली. पक्की वहीही जळाली. एवढी वर्षं मी जावेसारखा तिचा हेवा केला होता, पण तिचा असा शेवट व्हावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. आता त्या बारा वर्षांची आठवण जगात फक्त माझ्याकडे होती. आणि मी एका खणात, खिळ्यांच्या डब्याखाली. सुताराच्या घरी वहीला कोण विचारतो? चाळीस वर्षं मी धूळ खात पडले.

२००१ साली आक्सेल नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहत होता. तो आता पंचाहत्तर वर्षांचा झाला होता. तेव्हा यापुढे मी त्यांना अहोजाहो करते, वयाचा मान ठेवायला हवा. बायको वारलेली, मुलगी कारेन लांब मिनेसोटाला. त्याच वर्षी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरचे यतीन आणि शोभना राहायला आले. यतीन कंपनीत जाई. शोभनाच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. नागपूरला ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती, इथे दिवसभर घरात. पुढच्या डिसेंबरात बर्फाचं वादळ होऊन वीज गेली. आक्सेलकाकांकडे कॅम्पिंगचा गॅस होता. त्यावर शोभनाने तान्ह्या स्वानंदीचं दूध तापवलं, आणि दोन घरांचं एक घर झालं. तिच्या घरच्या गप्पा आणि नागपूरचे फोन ऐकून ऐकून मलाही मराठी येऊ लागलं.

खिळ्यांच्या डब्याखालून मला बाहेर काढलं ते शोभनानेच. ग्रंथालयातला हात तो! तिने मऊ फडक्याने माझी धूळ पुसली, सुटलेली पानं शिवली.

"काका, नागपूरला शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळ्या वह्यांना कव्हरं घालायचो. हिला घालू?" तिने विचारलं. काका आणि ती इंग्रजीत बोलत, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे.

तिने किराणा दुकानाची खाकी पिशवी कापून मला कव्हर घातलं, त्यावर लेबल चिकटवलं. साठीला टेकलेल्या मला शाळेत जाणाऱ्या मुलीसारखं वाटलं. मग दर रविवारी दुपारी पोहे आणि मी, असा बेत ठरला. काका वाचून दाखवत. डॅनिश भाषेत गोलला 'मोल' म्हणतात हे कळल्यावर शोभना खूप हसली होती. "आमच्याकडे मोल म्हणजे किंमत!" ती म्हणाली. काकांनी व्हिगोच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे."

२००८ च्या मार्चमध्ये ओस्टरमोसहून पत्र आलं. क्लबला शंभर वर्षं होत होती. नोव्हेंबरात मोठं पुस्तक निघणार होतं, त्यात प्रत्येक सामना आणि प्रत्येक गोल करणारा. पण आगीमुळे १९४४ ते १९५६ ची पानं रिकामी होती. कुणा जुन्या सभासदाकडे काही असेल तर ९/५ पर्यंत पाठवावं.

काकांनी ते पत्र उभ्यानेच वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. "शोबना, व्हिगो पुस्तकात येणार!" त्यांना भ कधी जमला नाही.

"कधीपर्यंत पाठवायचंय?"

"सप्टेंबर फिफ्थ."

शोभनानेही पत्रातला आकडा पाहिला. "हो, सप्टेंबर पाच. मग खूप वेळ आहे! काका, एकच ओळ कशाला, अख्खी वहीच टाइप करू या. एकही खेळाडू राहायला नको."

मित्रांनो, इथेच घोळ झाला. ते पत्र डेन्मार्कहून आलं होतं. तिथे ९/५ म्हणजे मे महिन्याची नऊ तारीख! शोभना, तुझ्या नागपुरातही तसंच ना? काका, तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्यात शेकडो तारखा लिहिल्यात ना? पण वहीला जीभ नसते. शोभनाने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पाच तारखेला लाल गोल काढला. आणि ते पत्र काकांनी खूण म्हणून ठेवलं कुठे, तर माझ्याच पोटात, व्हिगोच्या पानावर.

काम सुरू झालं. शोभना लॅपटॉपवर टाइप करी. तिरक्या रेघेचा ओ, दोन डोक्यांचा ए, कसली कसली अक्षरं शोधून काढी. एखादा रविवार चुकला की यतीन म्हणे, "अरे यार, नेक्स्ट वीकेंडला करा ना, डेडलाइन तर सप्टेंबरची आहे."

एप्रिलमधली एक दुपार मी विसरू शकत नाही. सहा वर्षांची स्वानंदी माझ्यावर वाकून व्हिगोचं पान वाचत होती. पत्र तिच्या कोपराखाली होतं.

"मॉम, धिस इज राँग. थर्टीन स्लॅश सिक्स? देअर इज नो थर्टीन्थ मंथ!"

सगळे हसले. "अगं, तेरावा महिना आमच्याकडे फक्त दुष्काळात येतो," यतीन म्हणाला.

शोभनाने तिला जवळ घेतलं. "डेन्मार्कमध्ये दिवस आधी लिहितात, मग महिना. इंडियातही तसंच. अमेरिकेतच उलटं आहे, बाळा."

"वीअर्ड," स्वानंदी म्हणाली आणि खेळायला पळाली.

एवढं बोलूनही कुणी कोपराखालच्या कागदाकडे पाहिलं नाही. नऊ मे यायला तेव्हा दोन आठवडे होते. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, आणि मग रागावल्याचं वाईटही वाटतं. त्यांच्या मनात काय खोट होती?

ऑगस्टच्या वीस तारखेला शोभनाने सगळं ईमेलने पाठवलं. "पंधरा दिवस आधी!" ती म्हणाली. तिने शिरा केला होता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. काका डॅनिश वाचून तिला सांगत होते. "तुमच्या वहीचं मोल करता येणार नाही, असं म्हणतात..." मग त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "मुदत नऊ मेला संपली. पानं छापून झाली आहेत. पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ."

"मे?" शोभनाने मला उघडलं, पत्र काढलं. ९/५. आणि त्याच्या खाली, शाईच्या डागाशेजारी, १३/६. तिने दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं.

"काका, चूक माझी. मी... आम्ही तर लहानपणापासून असंच लिहितो हो! सात वर्षांत मी कशी विसरले?" ती रडू लागली.

काकांनी तिच्या हातातून पत्र घेतलं. मग म्हणाले, "तू का रडतेस? पत्र मी वाचलं होतं. माझ्या भाषेत होतं, माझ्या गावाहून आलं होतं. आणि मी ते परक्यासारखं वाचलं." पत्राची घडी घालत ते म्हणाले, "पुढची आवृत्ती म्हणजे दोनशे वर्षं झाल्यावर."

नोव्हेंबरच्या अखेरीस पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. काकांनी १९४८ चं पान काढलं. जुन्या वर्तमानपत्रांवरून जमवलेली तारीख होती, निकाल होता, वरच्या गटात गेल्याचा आनंदही छापला होता. गोल कुणी केला त्या जागी लिहिलं होतं: नोंद उपलब्ध नाही.

मित्रांनो, नोंद उपलब्ध होती. हातभर अंतरावर, खाकी कव्हरात. त्या दिवसानंतर काकांनी मला उघडलं नाही. रविवारी ते पोह्यांनाही येईनासे झाले. डिसेंबरात पडले, आणि कारेन त्यांना मिनेसोटाला न्यायला आली. निघताना त्यांनी मला शोभनाच्या हातात दिलं.

"शोबना, ही तुझ्याकडे राहू दे. मला आता ती उघडवत नाही." माझ्या कव्हरावरून त्यांनी एकदा हात फिरवला. चौसष्ट वर्षं ओळखीचा हात तो. मोटार वळेपर्यंत शोभना मला छातीशी धरून उभी होती.

घरात आल्यावर स्वानंदीने माझं शेवटचं कोरं पान उघडलं. "डे फर्स्ट, राइट मॉम?" असं विचारून तिने वेड्यावाकड्या आकड्यांत लिहिलं, १३/१२/२००८. मग मागच्या नोंदी बघत बघत पुढे लिहिलं: हवा ढगाळ. निकालाच्या रकान्यापाशी ती अडली. "हू वन?"

शोभनाने डोळे पुसले. "लिही, आपण हरलो."

माझ्यातली ही शेवटची नोंद. आता मी त्यांच्या पुस्तकांच्या मांडणीवर असते. तुमच्या घरातही एखादी कच्ची वही असेल. तिच्यातलं काही कुणाला कळवायचं असेल तर सगळं नीटनेटकं होईपर्यंत थांबू नका, आधी ती एकच ओळ पाठवा. जिने ती लिहिली ती व्यक्ती जवळ असताना तिला विचारा, आणि तारीख दोनदा वाचा. बाकी माझ्यासाठी मी फार काही मागत नाही. मला पाण्यापासून आणि वाळवीपासून तेवढं जपा. व्हिगोला दुसरं पान नाही.