गुरुजींच्या बायकोचा पहिला वर्ग

मार्तंड गुरुजींच्या तेराव्यानंतरच्या रविवारी जोगेश्वरीच्या चाळीने शोकसभा ठेवली. वनमालाबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. पुरुषांच्या बरोबरीने खुर्चीवर बसायची त्यांना सवय नव्हती; त्या कडेला टेकून बसल्या.

अध्यक्ष होते शरच्चंद्र, अंधेरीच्या एका कचेरीतले हेडक्लार्क. ते म्हणाले, "गुरुजी अत्यंत शांत. कुणाला कधी उलट बोलले नाहीत. काहीही सांगा, हसून मान डोलवायचे."

वनमालाबाईंना हे खरं वाटलं, पण अर्धवट. पेन्शनीत निघाल्यावर गुरुजी देवगडकडचं गाव सोडून मुलाकडे, जयवंताकडे राहायला आले, तेव्हा त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. म्हणून ते हसत. चाळीने पाहिलेला माणूस तेवढाच. गावात त्यांचं खोताशी, पोस्टमनशी आणि देवळाच्या गुरवाशी एकाच वेळी भांडण होतं.

मग लवू उठला. साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा लवू हा सभेतला एकमेव जुना विद्यार्थी.

"मी शाळेतसून पळालंय," तो म्हणाला. "गुरुजी खाडयेपर्यंत माझ्या मागसून धावत इले. माका धरल्यानी, मारल्यानी, नि मगे खांद्यार घेवन परत हाडल्यानी." तो खाली बसला आणि टोपीने डोळे पुसू लागला.

शरच्चंद्रांनी रीत म्हणून विचारलं, "वहिनी, आपण दोन शब्द बोलणार का?"

जयवंताने वाकून सांगितलं, "आई, नाही म्हटलंस तरी चालेल हो."

वनमालाबाई उभ्या राहिल्या.

"आमच्या शाळेत मुली नव्हत्या," त्या म्हणाल्या. "हे घरोघर जायचे. लोक विचारायचे, 'गुरुजी, तुमची बायको शिकलीय का?' एकदा असेच परत आले आणि मला म्हणाले, 'उद्यापासून शाळेत चल.' मला वाटलं, झाडायला बोलावतायत. मी केरसुणी घेऊन गेले. तर ह्यांनी मला पहिलीत बसवलं."

कुणीतरी खोकून हसू दाबलं.

"मी एकोणीस वर्षांची. बाजूला वाण्याचा सहा वर्षांचा मुलगा. तो माझ्या पाटीत बघून लिहायचा, मी त्याच्या. घरी हे मला 'अगं' म्हणायचे. आमच्याकडे बायकोचं नाव कोण घेतंय? पण हजेरी घेताना घ्यावंच लागलं. मोठ्याने म्हणाले, 'वनमाला.' लग्नाला चार वर्षं झाली होती, ह्यांच्या तोंडून माझं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला 'हजर' म्हणता येईना. ह्यांनी गैरहजेरी मांडली."

आता लोक उघड हसत होते. शोकसभेत अशा वेळी काय करायचं, हे शरच्चंद्रांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला.

"तिसरीत मला गणितात नापास केलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना वाटलं, अभ्यास करतेय."

"मग?" मागून एका बाईने विचारलं.

"मग काय, गावभर झालं. जो मास्तर स्वतःच्या बायकोला नापास करतो तो कुणाच्या मुलीला फुकट पास करणार नाही, असं लोकांना वाटलं. त्या वर्षी वाण्याने मुलगी घातली, तेल्याने दोघी घातल्या. खोताने सुद्धा नात घातली, पण ह्यांच्याशी बोलला नाही तो नाहीच." त्यांनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. "हे शांत नव्हते. फार तापट होते. एवढंच."

त्या बसल्या. जयवंत मान खाली घालून हसत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शरच्चंद्रांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. चाळ गप्प झाली. तेरा दिवस येणारा प्रत्येक माणूस वनमालाबाईंना त्यांचा नवरा कसा होता ते समजावून गेला होता. आता कुणी काही सांगत नव्हतं. त्या उभ्या उभ्याच रडायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने.

दोन मिनिटं झाली तेव्हा शरच्चंद्रांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि वनमालाबाईंचं रडणं थांबेपर्यंत कुणालाही खाली बसायला सांगितलं नाही.